बोटामागचा पिन

फोन बंद करून पुन्हा चालू केला की तो बोटाला दाद देत नाही. सेन्सरवर अंगठा कितीही दाबा, चेहरा कितीही जवळ न्या. आधी पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड टाका, यावर तो अडून बसतो. बहुतेकांना ही उगाचची कटकट वाटते. रोज बोटाने उघडणाऱ्या फोनला आजच काय झालं म्हणून वैताग येतो, आणि पिन चटकन आठवला नाही तर घाबरगुंडी उडते. पण फोनची सुरक्षा नेमकी कशावर उभी आहे, हे या अडून बसण्यातूनच कळतं. फोनचं खरं कुलूप पिनचं आहे. बोट आणि चेहरा या त्या पिनने ठरावीक काळापुरत्या दिलेल्या सवलती आहेत. सवलत फार कामाची आहे, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. मात्र ती मिळाल्यावर आपण जे करायला हवं होतं, त्याच्या बरोबर उलट केलं, असं या प्रकरणाचं म्हणणं आहे. पिन सारखा टाकावा लागत नाही, म्हणून तो मोठा आणि अवघड ठेवणं आता परवडणार होतं. आपण तो होता तसाच ठेवला: चार आकडी, आणि घरातल्या सगळ्यांना पाठ.

बोटाला हा दुय्यम दर्जा का, हे समजायला फोनच्या पोटात थोडं डोकावावं लागेल. आजच्या स्मार्टफोनमधली माहिती एन्क्रिप्ट केलेली असते. फोटो, मेसेज, अ‍ॅप्सचा डेटा हे सगळं किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात साठवलेलं असतं, आणि ती किल्ली तयार होते दोन गोष्टींमधून: तुम्ही टाकलेला पिन, आणि कारखान्यातच चिपमध्ये कोरलेला, बाहेर कधीही न येणारा एक गुप्त आकडा. आयफोनमध्ये हे काम सिक्युअर एन्क्लेव्ह नावाचा स्वतंत्र भाग करतो. अँड्रॉइड फोनमध्येही प्रोसेसरचा असाच एक राखीव, बंदिस्त कोपरा असतो. पिनमधला एक आकडा जरी चुकला तरी किल्ली तयार होत नाही. बोटाचं तसं नसतं. तोच अंगठा सकाळी कोरडा असतो, भांडी घासल्यावर सुरकुतलेला असतो, कधी तिरका टेकतो, कधी अर्धाच टेकतो. म्हणून सेन्सर ठशाचा फोटो जपून ठेवत नाही. रेषा कुठे फुटतात, कुठे संपतात याचं एक गणिती टिपण ठेवतो, आणि दर वेळी नवा ठसा या टिपणाशी किती जुळतो त्याला गुण देतो. गुण पुरेसे पडले तर हो, नाहीतर नाही. ‘बऱ्यापैकी जुळतंय’ एवढ्या उत्तरातून तंतोतंत किल्ली बनवणं अवघड असतं. त्यामुळे फोन चालू झाल्यावर पहिल्यांदा पिन टाकला की किल्ली तयार होऊन चिपच्या सुरक्षित भागात राहते, आणि त्यानंतर बोट फक्त ती वापरायची परवानगी देतं. परवानगीलाही मुदत आहे. आयफोन ४८ तास उघडलाच नाही, किंवा बोट वा चेहरा पाच वेळा जुळला नाही, तर पुन्हा पासकोड लागतो. अँड्रॉइडमध्ये भक्कम दर्जाच्या बोट-चेहऱ्यालाही दर ७२ तासांनी एकदा पिनपुढे हजेरी लावावी लागते.

आता आकडे पाहू. अनोळखी माणसाचं बोट चुकून आपल्या फोनला चालून जाण्याची शक्यता अ‍ॅपलने टच आयडीसाठी ५० हजारांत एक अशी सांगितली आहे; अँड्रॉइडनेही फोन बनवणाऱ्या कंपन्यांना हीच मर्यादा घालून दिली आहे. फेस आयडीसाठी अ‍ॅपलचा आकडा दहा लाखांत एक असा आहे. जुळी भावंडं आणि लहान मुलं यांच्या बाबतीत चुकीची शक्यता वाढते, हेही कंपनीच सांगते. याउलट चार आकडी पिनच्या एकूण शक्यता अवघ्या दहा हजार. म्हणजे कागदावर तरी बोट चार आकडी पिनपेक्षा पाचपट बरं. पण ही तुलना फसवी आहे. बोट जुळलं नाही की फोन स्वतःहून पिनची चौकट पुढे करतो, आणि कोणत्या दारावर जोर लावायचा हे चोर ठरवतो. दाराला महागातलं कुलूप लावायचं आणि किल्ली बाहेर चपलांच्या रॅकमध्ये ठेवायची, असला हा प्रकार.

शिवाय दहा हजार शक्यता हासुद्धा उदार हिशेब झाला, कारण माणसं पिन सोडतीने काढत नाहीत. डेटा जेनेटिक्स या संकेतस्थळावर २०१२ साली फुटलेल्या पासवर्डांमधल्या सुमारे ३४ लाख चार आकडी संकेतांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात जवळपास ११ टक्के लोकांनी १२३४ निवडला होता, आणि सर्वाधिक लाडक्या वीस आकड्यांतच एक चतुर्थांशाहून जास्त लोक सापडत होते. एकोणीसने सुरू होणारे आकडे, म्हणजे उघडउघड जन्मसालं, तर ठायी ठायी होती. आपल्याकडे यात गाडीचा नंबर आणि लग्नाची तारीख यांची भर घाला. या गोष्टी ओळखीच्या माणसाला माहीत असतात, आणि फोन चोरून उघडणारा दर वेळी अनोळखी असतो असं थोडंच आहे?

पिनची लांबी वाढवल्याने काय फरक पडतो, याचा अंदाज अ‍ॅपलच्याच एका तांत्रिक तपशिलावरून येतो. आयफोनमध्ये एक पासकोड तपासायला मुद्दाम सुमारे ८० मिलिसेकंद लागतील अशी व्यवस्था केलेली आहे. चुकीच्या प्रयत्नांवरची बंधनं कुणी हटवली, तर चार आकड्यांच्या सगळ्या शक्यता सव्वातेरा मिनिटांत संपतात. सहा आकडे असतील तर बावीस तास लागतात. तेच सहा जागी इंग्रजी छोटी अक्षरं आणि आकडे मिसळून वापरले तर साडेपाच वर्षांहून अधिक. बंधनं हटवणं सोपं नाही, हे खरं. २०१६ साली सॅन बर्नार्डिनो हल्ल्यातल्या हल्लेखोराचा आयफोन ५सी उघडण्यासाठी अमेरिकेच्या एफबीआयने अ‍ॅपलला न्यायालयात खेचलं, ते हीच बंधनं काढून टाकणारं सॉफ्टवेअर मिळावं म्हणून. दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर माहिती पुसली जाण्याची भीती, आणि दोन प्रयत्नांमध्ये सक्तीने थांबायला लावणारं अंतर, या दोन गोष्टींनी एवढी मोठी तपास यंत्रणा अडवून धरली होती. त्या फोनला बोटाचा सेन्सर नव्हताच. अडवलं ते पासकोडने.

सर्वसाधारण चोर मात्र असली गणितं करत बसत नाही. तो बघतो. लोकलच्या दाराशी, एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर फोन उघडणाऱ्याचं बोट कुठून कुठे गेलं, एवढं त्याला पुरतं. अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या संशोधकांनी २०१७ साली याचा प्रयोग करून पाहिला. सहा ठिपक्यांचा पॅटर्न एकदाच पाहून सुमारे ६४ टक्के वेळा तो जसाच्या तसा काढता आला. सहा आकडी पिनच्या बाबतीत हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास होतं. अँड्रॉइडच्या नऊ ठिपक्यांतून ३,८९,११२ वेगवेगळे पॅटर्न काढता येतात, आणि हा आकडा चार आकडी पिनच्या शक्यतांपेक्षा कितीतरी मोठा दिसतो. पण पॅटर्न म्हणजे चित्र. ते डोळ्यांत बसतं. काचेवरही बसतं: बोटाच्या तेलकटपणाने उमटलेला माग तिरक्या उजेडात वाचता येतो, हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० सालीच दाखवून दिलं होतं. तरीही आपल्याकडे पॅटर्नची आवड काही कमी होत नाही, आणि त्यातही इंग्रजी झेड किंवा एल काढणाऱ्यांची.

बोटाचा खरा उपकार इथे लक्षात येतो. बोट टेकवून फोन उघडणाऱ्याकडे कितीही वेळ टक लावून पाहिलं तरी बघणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. अ‍ॅपलने २०१६ साली सांगितलं होतं की त्यांचा ग्राहक दिवसाकाठी सरासरी ८० वेळा फोन उघडतो, आणि टच आयडी असलेल्यांपैकी ८९ टक्के लोक ती वापरतात. दिवसातून ८० वेळा चारचौघांत टाकावा लागणारा पिन लहान असणार आणि तो कुणीतरी पाहणार, हे ठरलेलंच होतं. बोटाने ही दोन्ही कारणं एका झटक्यात दूर केली. पिन आता घरात, सकाळी एखाद्या वेळी टाकायची गोष्ट झाली. मग लोकांनी पिन मोठे केले का? ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली नेमकं हेच तपासलं. टच आयडी वापरणाऱ्यांचे पासकोड न वापरणाऱ्यांपेक्षा जास्त भक्कम असतील, ही अपेक्षा खोटी ठरली. दोन्ही गटांत बहुतेकांचे पासकोड साधे चार आकडीच होते, आणि अक्षरं मिसळलेला पासकोड ठेवता येतो हेच अनेकांना माहीत नव्हतं. बोटाने सोय दिली. त्या सोयीचं रूपांतर सुरक्षेत करायचं काम वापरणाऱ्यावर सोपवलेलं होतं आणि ते तसंच पडून राहिलं.

याची किंमत काय पडते, ते २०२३ साली अमेरिकेत दिसलं. बारमध्ये गप्पा मारता मारता गिऱ्हाइकाचा आयफोन पासकोड पाहून ठेवायचा आणि मग फोन लांबवायचा, अशा टोळ्यांबद्दल वॉल स्ट्रीट जर्नलने त्या वर्षी सविस्तर छापलं. पासकोड हाती असला की चोर अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड बदलत, फोन शोधण्याची सोय बंद करत, आपला चेहरा नोंदवत आणि मग बँकेची अ‍ॅप्स उघडत. चेहरा ओळखण्याचं सगळं तंत्रज्ञान, ते तीस हजारांहून अधिक अदृश्य ठिपके चेहऱ्यावर टाकून खोली मोजणं वगैरे, त्या चार-सहा आकड्यांपुढे निरुपयोगी ठरलं. जानेवारी २०२४ मध्ये आयओएस १७.३ सोबत अ‍ॅपलने यावर उपाय आणला: घर किंवा कामाच्या ठिकाणापासून दूर असताना काही नाजूक बदल करायचे तर पासकोड पुरत नाही, चेहरा किंवा बोट लागतंच, आणि सर्वांत नाजूक बदलांसाठी तासभर थांबून ते पुन्हा दाखवावं लागतं. अँड्रॉइडच्या काही फोनांतही आता अशी सोय आली आहे. यावर कुणी म्हणेल की, मग चेहराच पिनपेक्षा वरचढ ठरला की! आक्षेप रास्त आहे, आणि माझ्या मांडणीला त्याने एक मुरड पडते. चोरलेल्या पिनवर चेहऱ्याचा पहारा बसवता येतो आणि तो जरूर बसवावा. पण हा पहारा काही मोजक्या कामांवरच आहे. फोन उघडणं, फोटो आणि मेसेज वाचणं यांवर तो नाही. ते सगळं अजूनही पिनच्याच हवाली आहे.

आपल्याकडच्या फोनात हे जास्तच खरं आहे, कारण आपला फोन म्हणजे पाकीट, तिजोरी आणि कागदपत्रांची फाइल एकत्र. पैसे पाठवण्याचं अ‍ॅप उघडताना बोट मागतं, बोट जुळलं नाही की फोनचाच पिन चालवून घेतं. पुढे यूपीआय पिन लागतो हे बरोबर. पण तो बदलून घ्यायला लागतात डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी. ओटीपी त्याच फोनवर येतो. आणि कार्डाचा फोटो? बऱ्याच जणांच्या गॅलरीत तो आधार कार्डाच्या फोटोशेजारी असतो, कारण कधीतरी भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला असतो. फोनचा पिन ज्याच्या हाती, त्याला बाकीची कुलपं फोडावी लागत नाहीत. ती एकामागून एक उघडत जातात.

बोटाविरुद्धचा नेहमीचा आक्षेप वेगळा आहे: ठशाची नक्कल होते. होतेच. आयफोन ५एस सप्टेंबर २०१३ मध्ये बाजारात आला आणि काही दिवसांतच जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लबच्या मंडळींनी काचेवरच्या ठशाचा फोटो, लेसर प्रिंटर आणि लेटेक्सचा पापुद्रा वापरून तो उघडून दाखवला. पुढच्याच वर्षी त्यांच्यातल्या एकाने जर्मनीच्या तेव्हाच्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेअर लायेन यांच्या अंगठ्याचा ठसा दुरून काढलेल्या छायाचित्रांवरून तयार केल्याचं जाहीर केलं. २०१७ मध्ये याच क्लबने सॅमसंग गॅलेक्सी एस८चं डोळ्याचं कुलूप फोटो आणि कॉन्टॅक्ट लेन्सने फसवलं. २०१९ मध्ये तर गॅलेक्सी एस१०वर विशिष्ट प्रकारचं स्वस्त कव्हर लावलं की कुणाचंही बोट चालू लागलं. सॅमसंगला घाईघाईने दुरुस्ती पाठवावी लागली आणि तोवर काही बँकांनी त्या फोनवरचं बोट बंद ठेवलं. हे सारं खरं असूनही त्याचा अर्थ नीट लावायला हवा. ठशाची नक्कल करायला तुमचा स्वच्छ ठसा, तुमचा फोन, सामान, कौशल्य आणि वेळ या सगळ्याची एका ठिकाणी गाठ पडावी लागते, तीही फोन पुन्हा पिन मागायच्या आत. मंत्र्यांनी, पत्रकारांनी, मोठ्या व्यावसायिकांनी याची काळजी करावी. गर्दीत फोन मारणाऱ्याला पिन पाहणं शंभरपट सोपं पडतं.

चेहऱ्याच्या बाबतीत मात्र मी इतकं निश्चिंत राहणार नाही, कारण चेहरा ओळखणं या एका नावाखाली दोन भिन्न गोष्टी विकल्या जातात. एकात चेहऱ्याची खोली मोजली जाते. दुसऱ्यात फक्त सेल्फी कॅमेरा चित्र पाहतो. अँड्रॉइडमध्ये २०११ साली आलेला पहिला फेस अनलॉक फोटो दाखवला तरी उघडत असे. परिस्थिती तेव्हापासून सुधारली, पण स्वस्त फोनांत आजही साध्या कॅमेऱ्यावरच काम भागवलं जातं. गूगलने म्हणून दर्जे ठरवले आहेत. नकली बोट किंवा चेहरा दाखवल्यावर फसण्याचं प्रमाण सात टक्क्यांपर्यंत असेल तर तो सर्वांत भक्कम दर्जा, वीसपर्यंत मधला, त्यापुढे कच्चा. आणि कच्च्या दर्जाने फोन उघडता येतो, अ‍ॅप्समध्ये ओळख पटवता येत नाही. गूगलच्याच पिक्सेल ७ या फोनचा चेहरा २०२२ मध्ये पैशांच्या व्यवहाराला चालत नव्हता, वर्षभराने आलेल्या पिक्सेल ८चा चालू लागला. तुमचा फोन चेहऱ्याने उघडतो आणि बँकेचं अ‍ॅप मात्र बोटच मागतं, असं असेल तर त्यातून समजून घ्या की त्या फोनच्या चेहरा ओळखण्यावर बँकेचा विश्वास नाही. तुम्हीही ठेवू नये.

पिन फुटला तर बदलता येतो, बोट कसं बदलणार, असंही विचारलं जातं. प्रश्न गंभीर आहे. २०१५ साली अमेरिकी सरकारच्या कर्मचारी कार्यालयातून ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे चोरीला गेले आणि ते त्या लोकांना आयुष्यात बदलता येणार नाहीत. आपल्याकडे आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या व्यवस्थेत जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठे उचलून सिलिकॉनचे ठसे बनवल्याचे गुन्हे निरनिराळ्या राज्यांत उघडकीस आले, आणि २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाला ठसा जिवंत बोटाचा आहे की नाही हे तपासणारी नवी पद्धत आणावी लागली. पण इथे दोन व्यवस्थांची गल्लत होते. आधारमध्ये ठसा दूरच्या मध्यवर्ती नोंदीशी ताडला जातो, त्यामुळे नकली अंगठा कोणत्याही गावच्या मशीनवर चालू शकतो. फोनमधलं टिपण फोनच्या चिपमध्येच राहतं, अ‍ॅपलाही मिळत नाही. नकली बोटाला तुमचाच फोन हातात असावा लागतो. दस्तनोंदणी करून आलेल्या माणसाने फोनमधलं बोट काढून टाकण्यात हशील नाही. त्याने आधारचं बायोमेट्रिक एम-आधार अ‍ॅपमधून लॉक करावं. लागेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं. आणि ज्यांच्या बोटांवरच्या रेषा शेतात, बांधकामावर, धुण्याभांड्यांत झिजून गेल्या आहेत, रेशनच्या मशीनवर ज्यांना चार-चार वेळा अंगठा लावावा लागतो, त्यांच्यासाठी तर पिन हाच रोजचा दरवाजा असतो. कमकुवत पिनचा फटका त्यांना सर्वांत आधी बसतो.

अ‍ॅपला लावलेल्या कुलपाकडेही जरा जवळून पाहायला हवं, कारण अ‍ॅप-लॉक म्हणून जे मिळतं त्यात नुसते पडदे पुष्कळ असतात. व्हॉट्सअ‍ॅपने २०१९ मध्ये बोटाचं कुलूप आणलं. ते लावलं तरी आलेला कॉल उचलता येतो, आणि नोटिफिकेशनमध्ये मजकूर दाखवायचा की नाही हे वेगळं ठरवावं लागतं. नाहीतर कुलूपबंद गप्पा स्क्रीनवर जाहीर वाचायला मिळतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोकावण्यापासून असं कुलूप वाचवतं, तेवढंच त्याचं काम. बँकेच्या चांगल्या अ‍ॅपची रचना वेगळी असते. तिथे बोट जुळलं तरच चिपमधली खास त्या अ‍ॅपची किल्ली वापरता येते, आणि फोनमध्ये नवं बोट नोंदवलं की ती किल्ली आपोआप बाद होते. म्हणून नवीन बोट घातल्यावर बँकेचं अ‍ॅप एकदम अनोळखी झाल्यासारखं पुन्हा एमपिन, म्हणजे त्या अ‍ॅपचा स्वतःचा पिन, मागतं. तो बिघाड समजू नका. अ‍ॅपला कळलेलं असतं की या फोनवर आता आणखी कुणाचं तरी बोट चालतं. मात्र ते कुणाचं, हे त्याला कधीच कळत नाही; फोन अ‍ॅपला फक्त जुळलं किंवा नाही एवढंच सांगतो. गेम खेळायला मिळावा म्हणून मुलाचं बोट नोंदवलं आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये एमपिन टाकून बोट पुन्हा चालू केलं, की ते बोट बँकेतही चालतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने मुंबईत यूपीआयच्या व्यवहारांना फोनवरच्या बोट-चेहऱ्याने मंजुरी देण्याची सोय जाहीर केली, तेव्हापासून ही बाब जास्तच पैशांची झाली आहे. घरातल्या इतरांची बोटं फोनमधून काढून टाकणं हा अविश्वास नव्हे. नवऱ्याला बायकोचा पिन माहीत असणं आणि तिच्या बँकेवर त्याचं बोट चालणं, यांत फरक आहे.

बोट जबरदस्तीने टेकवता येतं, झोपेतही. २०१९चा पिक्सेल ४ मिटलेल्या डोळ्यांच्या चेहऱ्यालाही उघडत असे, आणि त्यावर बरीच ओरड झाली होती. कायद्यातही बोट आणि मनातला शब्द यांना एकाच मापाने तोललेलं नाही: मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या १९६१च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटलं की आरोपीचे ठसे घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे. फोनचा पासवर्ड सांगायला लावता येतो का, यावर मात्र आपल्या न्यायालयांची मतं वेगवेगळी आली आहेत. बोटाच्या या कमजोरीवर उतारा पुन्हा पिनचाच आहे. आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण दोन-तीन सेकंद एकत्र दाबून धरलं की चेहरा लगेच निकामी होतो आणि फोन पासकोडवर जातो. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत पॉवरच्या बटणामागे लॉकडाउन नावाचा पर्याय असतो, तोही तेच करतो.

राहिला सर्वांत व्यवहारी आक्षेप: मोठा पिन आईवडिलांच्या लक्षात राहणार नाही. हे खरं आहे, आणि म्हातारपणी फोनने बाहेर ठेवणं ही चोरीइतकीच मोठी अडचण आहे. पण लक्षात राहत नाही तो किचकट पासवर्ड. लांब असायला किचकट असावं लागत नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने, एनआयएसटीने, २०१७ मध्ये आपली जुनी शिकवण मोडीत काढली: एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह अशी सक्ती नको, दर तीन महिन्यांनी बदलायचीही सक्ती नको, लांबी महत्त्वाची. कुणी पाहू नये म्हणून आपण पासवर्ड वाकडातिकडा करतो आणि शेवटी तो स्वतःच विसरतो. त्यापेक्षा रोमन अक्षरांत लिहिलेले, एकमेकांशी संबंध नसलेले तीन मराठी शब्द वयस्कर माणसाच्याही सहज लक्षात राहतात. सहा आकडेच हवे असतील तर ते तारखेतून, गाडीतून, मोबाइल नंबरातून आलेले नसावेत, एवढीच अट. आणि पिन कागदावर लिहून कपाटात ठेवला तर बिघडत नाही. लोकलमधल्या चोराला तुमचं कपाट दिसत नाही. घरातल्यांपासून लपवायचं असेल तर प्रश्न वेगळा, पण तो तंत्रज्ञानाचा नाही.

या सगळ्याला एक मर्यादा आहे आणि ती स्पष्ट सांगायला हवी. फोनवरून होणारी पुष्कळशी फसवणूक कुलूप न फोडताच होते. पैसे मिळतील म्हणून क्यूआर स्कॅन करायला लावणं, मदतीच्या नावाने स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप घालायला सांगणं, पोलिसांचा आव आणून व्हिडिओ कॉलवर डिजिटल अटक करणं, या प्रकारांत बोटही मालकाचंच असतं आणि पिनही मालकच टाकतो. तिथे कोणतंही कुलूप उपयोगी पडत नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करणं, एवढंच हातात उरतं. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावी.

फोनच्या कुलपाबाहेर राहिलेली आणखी एक फट मात्र बुजवता येते. ती सिम कार्डाची. तुमचा फोन कितीही भक्कम असो, सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी तिकडे येऊ लागतात. त्यासाठी सेटिंग्जमध्ये सिम लॉक असतं. ते लावलं की सिम नव्या फोनमध्ये घातल्यावर आणि फोन चालू करताना दर वेळी सिमचा स्वतंत्र पिन मागतं. तेव्हा आज तीन कामं करा. फोनचा चार आकडी पिन किंवा पॅटर्न काढून किमान सहा आकडी पिन ठेवा, आणि तो यूपीआय पिनपेक्षा वेगळा असू द्या. नोंदवलेल्या बोटांची यादी उघडून आपली नसलेली बोटं काढा. आणि सिम लॉक लावा. पण त्याआधी सिमचा मूळ पिन आपल्या मोबाइल कंपनीकडून विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीन वेळा चुकला की सिम बंद होतं आणि कंपनीकडचा पीयूके क्रमांक मिळाल्याशिवाय उघडत नाही.